यॉर्कचा कचरा आणि आमची मुलं

मुलांना घेऊन हिंडायचं म्हटलं की आपण रंगीत, गुळगुळीत, धुतल्यापुसलेल्या जागा शोधतो. घसरगुंड्या, कार्टूनचे पुतळे, मान हलवणारे डायनोसॉर. मुलं तिथे खूश होतात, नाही असं नाही, पण ती खुशी पार्किंगपर्यंत टिकते. इंग्लंडच्या उत्तरेतलं यॉर्क मुलांसाठी फार चांगलं आहे असं मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. मग लोक विचारतात, तिथे मुलांसाठी असं खास काय आहे? खरं उत्तर द्यायला थोडी लाज वाटते. तिथे हजार वर्षांपूर्वीची घाण आहे, आणि त्यांनी ती झाकून ठेवलेली नाही.

तसं शहर लहान. वस्ती दोन लाखांच्या आसपास, आणि आपण ज्याला जुनं यॉर्क म्हणतो ते एवढंसं, की हरवायचं म्हटलं तरी मिन्स्टर नावाच्या अवाढव्य कॅथीड्रलचे मनोरे कुठून ना कुठून डोकावतात. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून आगगाडीने साधारण दोन तास. इ.स. ७१ मध्ये रोमनांनी इथे छावणी टाकली, ८६६ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी शहर घेतलं, मग नॉर्मन आले, शेवटी रेल्वे आणि चॉकलेटवाले. जो आला त्याने आधीच्याच्या पसाऱ्यावरच आपलं बिऱ्हाड मांडलं. त्यामुळे इथे पाया खणायला घेतला की पुरातत्त्ववाले हजर होतात.

आमचा लवाजमा असा : मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण उत्साहात त्या आम्हा सगळ्यांच्या पुढे.

सुरुवात तटापासून करावी. एक तर तो फुकट आहे. दुसरं म्हणजे स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर समोरच दिसतो. शहराभोवती जवळजवळ ३.४ किलोमीटर तट आजही उभा आहे आणि त्याच्यावरून चालता येतं. इंग्लंडमध्ये मध्ययुगीन शहराचा एवढा लांब तट दुसरीकडे राहिलेला नाही. १८०० च्या सुमारास नगरपालिकेलाच तो नकोसा झाला होता, पाडून टाकायचं घाटत होतं. विल्यम एटी नावाच्या इथल्याच चित्रकारासारख्या लोकांनी ओरडा केला म्हणून बराचसा वाचला. वेशींसमोरचे जादा बंदोबस्ताचे दगडी आडोसे मात्र पाडले गेले, ते आता एकट्या वॉमगेटच्या वेशीला उरले आहेत. वेळ कमी असेल तर बूथम ते मंक या दोन वेशींमधला तुकडा चालावा. एका बाजूला मिन्स्टर, खाली मागच्या अंगणांमधली झाडं आणि वाळत घातलेले कपडे. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडायचा नाही. बाबागाडी खालीच ठेवायची.

हे सगळं झालं मोठ्यांसाठी. मुलांची तंद्री लागली ती मिकलगेट वेशीपाशी, कारण तिथे राजद्रोह्यांची मुंडकी टांगायचे. १४६० मध्ये यॉर्कच्या ड्यूकचं, रिचर्डचं मुंडकं इथे लागलं, ते कागदाचा मुकुट घालून. शेवटची लागली १७४६ मध्ये आणि १७५४ मध्ये ती कुणीतरी रात्रीतून चोरली.

“मुंडकी कोण चोरतं?” लेकीने विचारलं.

“ज्याला ती आपल्या माणसांची वाटतात तो,” सासूबाई म्हणाल्या. मला हे सुचलं नसतं. मी आपली गुगल करायला फोन काढत होते.

आता घाणीकडे येते. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर उत्खनन झालं. तिथली माती ओली, चिकट आणि हवा न शिरणारी. एरवी जे कुजून जातं ते तिच्यात टिकलं : लाकूड, चामडं, लोकर, बिया, माश्यांचे अवशेषसुद्धा. व्हायकिंगांच्या घरांच्या कुडाच्या भिंती कमरेइतक्या उभ्या सापडल्या. वस्तू निघाल्या ४०,००० च्या घरात. मग त्यांनी काय केलं, तर जिथे खणलं त्याच जागी, एका शॉपिंग सेंटरच्या पोटात, १९८४ मध्ये यॉर्विक व्हायकिंग सेंटर उभं केलं. छताला टांगलेल्या छोट्या डब्यात बसायचं आणि डबा तुम्हाला दहाव्या शतकातल्या गल्लीतून हळूहळू फिरवून आणतो. माणसं पुतळ्यांची, भाषा त्या काळच्या, आणि वास.

वास हे या जागेचं खरं भांडवल. धूर, मासळी, कातडं, आणि एका वळणावर जे यायचं ते येतंच. कुडाच्या आडोशाला एक गृहस्थ बसलेले आहेत, चेहऱ्यावर कष्ट. आमच्या धाकट्याने नाक दाबलं, मग सोडलं, मग खात्री करायला पुन्हा एकदा वास घेतला. पुतळे हलतात थोडे अवघडल्यासारखे, मोठ्यांना ते जाणवतं. पण त्या गृहस्थांपुढे यंत्राच्या कसबाची चर्चा कोण करणार? शौचकुपांमध्ये शेवाळंही सापडलं आहे. ते पुसायला वापरत. ही माहिती आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अजून येत असते.

बाहेर पडल्यावर काचेच्या पेटीत या संग्रहातला मानाचा गणपती आहे. १९७२ मध्ये लॉइड्स बँकेच्या इमारतीचं काम चालू असताना जमिनीत एक वस्तू सापडली. २० सेंटिमीटर लांब, तपकिरी, खडबडीत, मधे किंचित वाकलेली. नवव्या शतकातल्या एका व्हायकिंगाची शी. दगडासारखी झालेली, अख्खी. तपासल्यावर कळलं की हा माणूस मुख्यतः मांस आणि भाकरीवर जगत होता, भाज्यांशी त्याचं फारसं सख्य नसावं, आणि त्याच्या पोटात भरपूर जंत होते. त्यांची शेकडो अंडी त्यात निघाली. २००३ मध्ये ती पडली आणि तिचे तीन तुकडे झाले, तर तज्ज्ञांनी ते जोडले.

“जोडले म्हणजे हातात घेऊन?” धाकट्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आदर आजवर कुठल्याच व्यवसायाबद्दल पाहिलेला नाही.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की या पोराला मी राजांची नावं सांगितली असती तर पाच मिनिटांत विसरला असता. ८६६ हा आकडा त्याला आजही येत नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं पोट दुखत असणार, आणि त्याला औषध मिळालं नसणार, हे त्याने स्वतःहून बोलून दाखवलं. “त्याला जंताचं औषध नाही दिलं त्याच्या आईने?” इतिहासाची याहून चांगली सुरुवात कुठली असते, मला तरी माहीत नाही.

सासूबाई मात्र त्या पेटीपाशी थांबल्याच नाहीत. त्या मोज्यापाशी अडकल्या. कॉपरगेटलाच सापडलेला लोकरीचा एक मोजा आहे, घोट्यापर्यंतचा, पायाचा आकार अजून धरून असलेला. दोन सुयांवर विणलेला नव्हे. एकाच जाड सुईने, फास घेत घेत केलेला. या पद्धतीची दुसरी वस्तू इंग्लंडमध्ये सापडलेली नाही. सासूबाई चष्मा वर करून, काचेला नाक लावून बघत होत्या. “टाच बघ कशी वळवलीय,” त्या म्हणाल्या. “उसवायचं झालं तर हे सरळ उसवत नाही, गाठीगाठीने सोडवावं लागतं. काय चिकाटीची बाई असेल.” बाई होती की बाप्या, कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण त्यांची आणि तिची ओळख झाली होती, मी कशाला मधे बोलू?

यॉर्विकला सुट्टीच्या दिवसांत गर्दी उसळते, तेव्हा वेळ आधी राखून ठेवावी. २०१५ च्या डिसेंबरमधल्या पुरात याच केंद्रात पाणी शिरलं होतं आणि ते २०१७ च्या एप्रिलपर्यंत बंद होतं. ऊस आणि फॉस या दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेल्या गावाला हे भोगावं लागतंच.

तिथून दहा मिनिटांवर किल्ल्याचं संग्रहालय, कॅसल म्युझियम. जुन्या तुरुंगाच्या इमारतींमध्ये भरवलेलं. याच्या मागे डॉ. जॉन कर्क नावाचा पिकरिंग गावचा एक डॉक्टर आहे. खेडोपाडी रुग्ण तपासायला जायचा, तर कुठे जुनी चूल, कुठे शेतीचं अवजार, कुठे बिस्किटांचा साचा अडगळीत पडलेला दिसायचा. फी नाही दिली तरी चालेल, पण ते मला द्या, असंही तो म्हणायचा असं सांगतात. आपल्या डोळ्यांदेखत जुनं जग भंगारात निघालंय, हे त्याला फार लवकर कळलं. १९३८ मध्ये त्याच्या संग्रहाचं संग्रहालय झालं. पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघताना ज्या एकट्या माणसाच्या वेडाला हात जोडावेसे वाटतात, तीच जात ही.

आत कर्कगेट नावाचा अख्खा व्हिक्टोरियन रस्ता उभा केलाय, खडबडीत फरशीचा. दुकानं, फलक, औषधवाला, आणि दिवे असे की थोड्या वेळात पहाट होते, दिवस होतो, संध्याकाळ होते. लेकीला तो रस्ता आवडला, पण खरी आवडली ती तुरुंगाची बाजू. डिक टर्पिन नावाच्या दरोडेखोराला १७३९ मध्ये फाशी दिलं, त्याआधी तो याच तुरुंगात होता. कोठडी दगडी, थंड, काहीही न सजवलेली. तिथे मुलं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. कुणी दटावावं लागत नाही.

समोरच टेकाडावर क्लिफर्ड्स टॉवर. इथे मला जरा थांबावं लागतं. वर चढायला ५५ पायऱ्या, वरून शहराचा देखावा उत्तम, आणि २०२२ पासून आत लाकडी मजले आणि गच्ची केली आहे, तेव्हा पोरांना हुंदडायलाही छान. पण ११९० च्या मार्चमध्ये याच टेकाडावरच्या लाकडी बुरुजात यॉर्कच्या ज्यू कुटुंबांनी जमावापासून जीव वाचवायला आसरा घेतला होता. साधारण दीडशे माणसं. सुटका नाही असं दिसल्यावर अनेकांनी आपल्याच हातांनी आपल्या बायकामुलांचा आणि स्वतःचा शेवट केला, बुरूज पेटला, जे वाचले त्यांना जमावाने मारलं. आजचा दगडी बुरूज त्यानंतरचा, तेराव्या शतकातला. पायथ्याशी स्मृतिफलक आहे. वसंतात सगळं टेकाड डॅफोडिलांनी पिवळं होतं आणि लोक फोटो काढतात.

मुंडकी चालतात, शी चालते, फाशी चालते, मग हे का नाही सांगायचं? नवऱ्याचं म्हणणं, धाकट्याला नको. माझं म्हणणं, थोडक्यात सांगू. शेवटी लेकीला सगळं सांगितलं आणि धाकट्याला एवढंच, की इथे काही लोकांना त्यांचा देव वेगळा होता म्हणून मारलं. त्याने विचारलं, “मग मारणाऱ्यांची मुंडकी टांगली का?” नाही टांगली. राजाने दंड केला, एवढंच. हे उत्तर देताना मात्र त्या मुंडक्यांच्या गोष्टीतली गंमत माझ्यापुरती जरा कमी झाली.

खाटकांची जुनी गल्ली, शॅम्बल्स, तुम्ही बघालच, टाळता येत नाही. वरचे मजले एकमेकांवर झुकलेले, काही दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून शाबूत. आता तिथे जादूच्या कांड्या विकतात आणि रांगा लागतात. सकाळी लवकर जा, नाहीतर जाऊच नका. त्यापेक्षा शहरभर इमारतींवर बसवलेली मांजरं शोधा. भिंतीवरून चालणारी, कौलांवरून कबुतराकडे बघणारी. त्यांचा नकाशा मिळतो आणि पायात गोळे आलेलं पोर त्या नकाशासाठी आणखी तासभर चालतं.

पाऊस असेल तर, आणि असणारच, सरळ राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय गाठावं. स्टेशनाच्या मागेच. १९७५ पासून आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. मुख्य दालन म्हणजे जुनी इंजिनशेड, मधोमध इंजिन फिरवायचं गोल तबक. तिथे मॅलार्ड उभं आहे, निळं, पोट सुटलेल्या पैलवानासारखं नाही तर चांगलं निमुळतं. ३ जुलै १९३८ ला त्याने ताशी २०३ किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या धावेत मधल्या सिलिंडरचं बेअरिंग इतकं तापलं की गाडी वाटेत पीटरबरोला सोडून द्यावी लागली, हे मला जास्त आवडलं. विक्रमाच्या फलकांवर अशी गोष्ट कोपऱ्यात असते. मुलांना मात्र आवडलं ते एक कापलेलं इंजिन. खरंच, उभं चिरून ठेवलंय. बॉयलरच्या नळ्या, भट्टी, धूर जायची वाट, सगळी आतडी उघडी. वाफ कुठून येते हे मी धाकट्याला तीन वेळा समजावलं असेल, ते त्याला तिथे एका नजरेत कळलं.

सासूबाईंनी नोकरीभर ठाणे ते व्हीटी लोकलने केलं. त्यांना रेल्वेचं कौतुक सांगायला जाऊ नये. “गाडीत बसायला मिळालं तर कौतुक,” एवढंच त्या म्हणतात. पण तिथे एक राक्षसी काळं इंजिन आहे, चीनसाठी १९३५ मध्ये इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडवलेलं. मी म्हटलं, “आई, बोरीबंदर ते ठाणे पहिल्या गाडीची इंजिनं याच कारखान्यातली.” १८५३ सालची ती गाडी. त्या चाकाजवळ गेल्या. चाक त्यांच्या डोक्याच्या वर. हात लावला, मग बोटं पदराला पुसली. “ग्रीस तेच आहे गं,” म्हणाल्या. त्यानंतर जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात बसायला मिळालं म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या आणि उठायला तयार होईनात.

चॉकलेटबद्दल थोडक्यात. किटकॅट याच गावचं, राउनट्री कंपनीचं. १९३५ मध्ये दुसऱ्या नावाने निघालं, १९३७ मध्ये हे नाव मिळालं. कंपनी आता नेस्लेकडे आहे, पण किटकॅट अजूनही इथे बनतं. राउनट्री कुटुंब क्वेकर पंथाचं. दारूला विरोध म्हणून कोको, असा त्यांचा हिशेब. चॉकलेटच्या संग्रहालयात शेवटी मुलांना स्वतःचं चॉकलेट बनवू देतात. ते त्यांना आवडणारच, त्यात संग्रहालयाचं काही कसब नाही. मला विचाराल तर राउनट्री पार्कमध्ये जा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कामगारांच्या आठवणीत कंपनीने १९२१ मध्ये शहराला दिलेली बाग. बदकं, मोकळं गवत, आणि कुणी काही शिकवत नाही.

मिन्स्टर शेवटी ठेवलं होतं, कारण भव्य वस्तूंपुढे मुलं कंटाळतात असा माझा अनुभव. पूर्वेची मोठी खिडकी १४०८ मध्ये पुरी झाली, टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काच. मुलांनी “मोठी आहे” म्हटलं आणि जमिनीवरच्या फरश्या मोजायला घेतल्या. मग दक्षिणेच्या बाजूला गेलो. १९८४ च्या जुलैमध्ये, बहुधा वीज पडून, या भागाचं छत जळून खाली आलं. गुलाबाच्या आकाराच्या गोल खिडकीला हजारो तडे गेले, पण ती जागची हलली नाही. छत पुन्हा बांधताना कमानींच्या फासळ्या जिथे जुळतात तिथे बसवायला कोरीव लाकडी चकत्या हव्या होत्या. त्यातल्या सहा चकत्यांची चित्रं टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातून स्पर्धा घेऊन मुलांकडून मागवली. म्हणून आठशे वर्षांच्या देवळाच्या छतात आज चंद्रावर उतरलेला माणूस आहे. समुद्रातून वर काढलेलं बुडालेलं जहाज आहे. फोनचा कॅमेरा ताणून ताणून लेकीने ती शोधली आणि मग तिथल्या तिथे, आपण असतो तर काय काढलं असतं, यावरून भांडण पेटलं. धाकट्याने काय काढलं असतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मनोऱ्यावर जायला २७५ पायऱ्या आणि वय किमान आठ. लेक आणि नवरा वर गेले. धाकट्याचा अपमान झाला. त्याला घेऊन आम्ही दोघी बाहेर आलो. तिथे सम्राट कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे, खुर्चीत रेलून बसलेला, तलवार हाताशी. ३०६ मध्ये सैन्याने त्याला याच गावात सम्राट म्हणून घोषित केलं. मी हे सगळं नीट, रंगवून सांगितलं. अर्ध्या जगावर राज्य केलं, म्हटलं.

धाकट्याने पुतळ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “याचं संडास सापडलं का?”

सासूबाई हसत हसत बाकावर बसल्या. मी मात्र चिकाटीने फोनवर शोधलं, आणि सापडलेलं आहे. म्हणजे अगदी सम्राटाचं नव्हे, पण चर्च स्ट्रीटच्या खाली रोमन स्नानगृहाचं दगडी गटार आहे, माणूस वाकून आत जाईल एवढं. तेही १९७२ मध्येच मिळालं. लोकांसाठी उघडं नाही.

“का नाही?” त्याने विचारलं. आणि लेक मनोऱ्यावरून खाली येईपर्यंत, त्या रस्त्यावर नेमकं कुठे खणलं तर आत शिरता येईल, याचा तो आजीबरोबर बेत करत बसला.